तीन नंबरची डिस्क

कांदे-बटाट्यांसाठी केलेल्या जाळीच्या खणात
आमचा सर्व्हर राहतो.
हवा खेळती राहावी म्हणून. कांदे गॅलरीत गेले.
चार डिस्क, एक पंखा, एक हिरवा दिवा,
आणि आत वृंदाची बावीस वर्षं:
बोलायला शिकणारी मुलं,
त्यांचे क, त्यांचे र,
स्वतःला "लाजा" म्हणवणारे राजे,
नाव विचारलं की "तौत्तुभ" सांगणारा
कौस्तुभ भोईटे, वय साडेपाच.

मंगळवारी रात्री दिवा नारिंगी झाला.
तीन नंबरची बाद.

आधी सगळे करतात तेच केलं,
बंद करून चालू केलं.
मग काढून परत बसवली. केबलींची अदलाबदल.
कनेक्टरचे दात काळवंडलेले
(खाडीची हवा. कन्नमवार नगरात
पितळेचं काही पिवळं राहत नाही),
ते खोडरबराने घासले.
स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कवर, मूठ कानाला:
टक्. टक्. टक्.
गरगर थांबते. मग पुन्हा टक्.

लॅमिंग्टन रोडला जुझरभाईंनी ती तळहातावर तोलली,
कैरी तोलावी तशी.
"डेटा हवाय की डिस्क?"
डेटा, म्हटल्यावर पाठकोऱ्या पावतीवर आकडा लिहिला
आणि माझ्याकडे सरकवला.
तोंडाने उच्चारला नाही.
मी नवी डिस्क घेतली.

चौघींतली एक गेली
तर उरलेल्या तिघींना मिळून तिचं सगळं आठवतं,
नवीला त्या सांगतात, ती लिहून घेते.
दोघी गेल्या तर कुणालाच काही आठवत नाही.
असा या यंत्राचा हिशेब.

चौतीस टक्क्यांवर दोन नंबरची पडली.

पावणेतीन वाजले होते. वायर खेचून बंद केलं
आणि फरशीवर बसून राहिलो.
ऑफिसात दर तिमाहीला
"वेगळी प्रत ठेवा, वेगळ्या जागी ठेवा" सांगणारा मी.

वृंदा पाणी प्यायला उठली.
किती गेलं, हे तिने विचारलं नाही.
म्हणाली, "चालू कर. ऐकू दे."
ओट्याला टेकून, डोळे मिटून ऐकलं तिने,
क्लिनिकात ऐकते तसं,
मुलाच्या तोंडाकडे न बघता.
"परत कर."
परत केलं.
"मधे कुठे अडखळत नाहीये ही.
दरवेळी सुरुवातीलाच, सगळ्या एकदम उठतात तेव्हा.
हा उच्चाराचा दोष नव्हे रे.
श्वास पुरत नाहीये."

मल्टिमीटर लावला.
बारा हवेत तिथे दहा पूर्णांक नऊ,
चारही फिरू लागताना त्याहून खाली.
नऊ वर्षांचा पॉवर सप्लाय,
आत दोन कपॅसिटर पुरीसारखे टम्म.
आठवडाभर मी जिभा तपासत होतो.

नवा सप्लाय लावला तशी दोन नंबरची
काही झालंच नव्हतं अशी उठली.
एकोणीस तास. शंभर टक्के. हिरवा.
अकरा फायली मात्र उघडत नाहीत.
यादी वृंदाला दिली. चष्मा लावून वाचत गेली,
एका नावाशी थांबली, कुठल्या ते सांगितलं नाही.
"बोलतात आता ती सगळी," म्हणाली.
मग भांडी लावता लावता:
"बहुतेक."

दुसरी प्रत आता तिच्या बहिणीकडे, सावंतवाडीला.
फोन केला की बहीण विचारते,
मुलं बरी आहेत ना तुमची, माझ्या कपाटातली?

तीन नंबरची खरीच गेली होती,
वर्षानुवर्षं अर्ध्या श्वासावर उठून उठून.
रविवारी ताऱ्याच्या आकाराचे स्क्रू काढून उघडली.
चुंबक फ्रिजवर गॅसचं पुस्तक धरून आहे,
काढायला दोन हात लागतात.
तबकडी वृंदा घेऊन गेली.
आरशाहून स्वच्छ, आणि पडली तरी फुटत नाही.

क्लिनिकात ती मुलांच्या तोंडासमोर धरते.
"बघ, जीभ कुठे चाललीय? मागे घे. अजून मागे."
मुलगा वाकून बघतो, आ करतो,
तबकडीवर वाफ धरते.
"त," म्हणतो तो.
ती ओढणीने पुसते.
"पुन्हा."